आईच्या वतीनं मी दिलेलं उत्तर

तुमच्या आईला तुमच्याशी खोटं बोलायला कोणी शिकवलं?

प्रश्न टोचला असेल तर टोचू द्या. तीन वर्षांपूर्वी मला कोणी हे विचारलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते. माझी आई आणि खोटं? दुधात पाणी घालणाऱ्याला भर गल्लीत उभं करणारी बाई ती. पण ती खोटं बोलत होती, आणि ते मीच तिला शिकवलं होतं. त्या खोट्यापायी एका रविवारी ती आमच्या हातून जवळजवळ गेलीच होती.

आई आता नाही. तिला जाऊन आठ महिने झाले. त्याआधी सव्वादोन वर्षं ती डायलिसिसवर होती. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं काही सांगणार नाही. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर डबा आणि फाइल घेऊन जे बसतात, त्यांच्यासाठी लिहितेय. मीही तिथं बसून बसून थकले. अजून तो थकवा गेलेला नाही. लिहायला घेतलं की मान दुखते आणि दोन ओळींनंतर उठावंसं वाटतं. तरी लिहिते, कारण माझ्यासारखी चूक करणारे त्या बाकावर पुष्कळ आहेत.

किडन्या थकल्या

आईला बीपी जुनंच. गोळी आठवली तर घ्यायची. मग पाय सुजायला लागले. तोंडाला चव नाही, सकाळी मळमळ. ती म्हणायची पित्त आहे. आम्हीही पित्तच म्हणत राहिलो. एका सकाळी तिच्या पायात चप्पल जाईना, तेव्हा मी आणि बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेलो.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "आई, तुमच्या दोन्ही किडन्या थकल्यात."

"थकणारच की," आई म्हणाली. "मी थकले, त्या नाय थकणार?"

डॉक्टरांना हसू आलं. मग त्यांनी मशीनचं सांगितलं, आठवड्यातून दोनदा, आता कायमचं. आईनं एकच विचारलं, "लाइट गेली तर मशीन बंद पडती का हो?" जनरेटर आहे म्हटल्यावर तिनं मान हलवली. बाबा उठून बाहेर गेले. मी बघितलं तर ते भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत उभे होते. वरून खालपर्यंत वाचून झाला की पुन्हा वरून.

येताना रिक्षात आई म्हणाली, "साताऱ्याकडून घ्या ना." आमच्या शहराच्या दक्षिणेला सातारा गाव आहे, आता शहरातच आलेलं. तिथं खंडोबाचं देऊळ. आमच्या घरापासून फार लांब नाही.

मी म्हणाले, "आई, तुझ्या खंडोबाला किडन्या सांभाळता आल्या नाहीत. आता घरी जाऊ."

रिक्षा सरळ घरी आली. त्या दिवसाचं मला दुसरं काही फार आठवत नाही. हे वाक्य मात्र रोज आठवतं.

पत्रकांवर वाढलेली मुलगी

बाबा चितेगावच्या एका कारखान्यात होते. पाळी संपली की युनियनचं काम. आमच्या पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'कामगार बंधूंनो' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. उरलेल्या पत्रकांत आई भाकरी गुंडाळून द्यायची, आणि जेवणाच्या सुट्टीत मी भाकरीसोबत तेही वाचायची.

आई मेंढपाळाच्या घरातली. पैठणच्या पुढं, गोदावरीच्या काठच्या एका गावात तिचं माहेर. लहानपणची सहा-सात वर्षं ती माझ्या आजोबांच्या, म्हणजे तिच्या आबांच्या, मेंढरांमागं फिरली. जिथं मेंढरं बसवायची तिथं रात्र. आजोबांच्या घोंगडीत एक चपटी डबी असायची, तिच्यात खंडोबाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. मुक्काम पडला की डबी उघडायची, देवाला भंडारा लावायचा, मग चूल पेटवायची. आई म्हणायची, "आमच्यात आधी देव उतरायचा, मंग मानसं." लग्नात ती डबी तिच्यासोबत आली. आमच्या घरात ती पिठाच्या डब्याशेजारी फळीवर असायची. देव्हारा आईनं कधी मागितला नाही.

ती रविवारी उपास धरायची. मार्गशीर्षात खंडोबाचे सहा दिवस असतात, चंपाषष्ठीपर्यंत. ते सहाही दिवस धरायची.

मी सोळा वर्षांची असताना एक पत्रक लिहिलं. 'उपास कोणासाठी?' असं मथळ्यात विचारलं होतं. नवऱ्याचं आयुष्य वाढावं म्हणून बाई पोटाला चिमटा काढते आणि नवरा ढेकर देतो, असं बरंच काही त्यात होतं. अजून मला त्यातल्या काही ओळी पाठ आहेत आणि त्या काही वाईट नाहीत. बाबांनी ते छापून आणलं. मी आमच्या कॉलनीत घरोघर वाटलं.

शेजारच्या काकूंनी ते आईला आमच्याच ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "वहिनी, पोरीनं तुमच्यावरच लिवलंय की हो."

आईनं तांदूळ निवडता निवडता विचारलं, "माझं नाव नाय ना टाकलं?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय."

पुढच्या रविवारी आईनं सगळ्यांसोबत स्वतःचाही स्वयंपाक केला आणि सांगितलं, "सोडले बाई उपास. तुझंच खरं." माझ्या लेखणीचा तो पहिला विजय. नंतर कितीतरी सभांत मी ही गोष्ट सांगितली. 'बदल घरातून सुरू होतो' म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या.

मी काय बघितलं नव्हतं, ते आता सांगते. रविवारी आई आम्हाला वाढायची आणि म्हणायची, "तुम्ही घ्या, मी मागून बसते." ती रोजच मागून बसायची. घरातली बाई शेवटी जेवते यावर मी चार पानी लेख लिहिला होता. पण शेवटी बसून माझी आई काय खाते, हे मी एकदाही स्वयंपाकघरात जाऊन बघितलं नाही.

आहाराचा कागद

डायलिसिस सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आम्हाला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. माझ्याच वयाची मुलगी होती, बोलायला गोड. तिच्यापुढं छापील कागद होते. किडनीच्या पेशंटनं काय खायचं, काय टाळायचं. केळं नको, टोमॅटो नको, नारळपाणी नको. बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा, उकळून पाणी फेकायचं. पाणी किती, मीठ किती. आई सगळं मन लावून ऐकत होती.

मग त्या मुलीनं पान उलटलं आणि आईकडे बघून विचारलं, "मावशी, उपास करता का?"

आईनं तोंड उघडलं. मी आधी बोलले.

"नाही. दहा वर्षांपूर्वीच सोडलेत." आणि तेवढ्यावर थांबले नाही. पत्रकाची गोष्ट सांगितली. त्या मुलीला ती आवडली. "वा, मस्त," ती म्हणाली, आणि त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेनाची तिरपी रेघ मारली. "मग हे पान तुम्हाला लागणार नाही." तो कागद तिनं परत ट्रेमध्ये ठेवला आणि बाकीचे आम्हाला दिले.

आई पिशवीची चेन लावत होती. चेन आधीच लागलेली होती.

ती तिथंच का बोलली नाही, हा प्रश्न मी नंतर पुष्कळ उगाळला. उत्तर सोपं आहे. परक्या माणसापुढं तिला मला खोटं पाडायचं नव्हतं.

सोमवार, गुरुवार

डायलिसिस सुरू झालं की वारांना नावं राहत नाहीत. मशीनचा दिवस आणि बिनमशीनचा दिवस, एवढंच. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी निघायचं. आधी वजन. मागच्या वेळेपेक्षा जितकं वाढलं तितकं अंगात पाणी. सिस्टर म्हणायच्या, "मावशी, पाणी वाढलंय," आणि आई शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी काट्यावरून उतरायची. मग हातात दोन जाड सुया. चार तास. संपलं की दुसऱ्यांदा वजन, बँडेज दाबून धरायचं, रिक्षा, घर, आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही. जरा माणसात आली की पुन्हा निघायचं.

माणूस आजारानं जितका थकतो, तितका या ये-जा करण्यानं थकतो. आणि सोबतचा माणूसही थकतो, पण त्याला ते म्हणायची सोय नसते. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करते. मशीनच्या दिवशी अर्धी रजा. रजेच्या दिवशी मी बाकावर बसून मुद्रितं तपासायची आणि घरी येऊन आईवर ओरडायची. बहुतेक पाण्यावरून. एप्रिलच्या उन्हात दिवसाला मोजून पाणी, आणि ती चूळ भरायच्या निमित्तानं दोन घोट गिळायची.

"गिळलंस ना?"

"नाय."

"मला दिसलं आई."

"दिसलं तर इचारती कशाला?"

बाबा निवृत्त झाले होते. तिचा स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला. भाज्या भिजवायच्या, उकळायच्या, पाणी फेकायचं. आयुष्यभर मालकाशी भांडलेला माणूस दुधी भोपळ्याशी झटत उभा असायचा. आई आतून ओरडायची, "आवो, ते पानी फेका, भाजी नका फेकू."

सुखाच्या गोष्टीही होत्या, त्या सांगायला हव्यात. एक मावशी होत्या वॉर्डात कामाला, त्या आईला थंडी वाजायच्या आधीच पायावर ब्लँकेट टाकायच्या. तोंडात धरायला बर्फाचा एक खडा मिळायचा. आणि शेजारच्या बेडवर खाला होत्या, म्हणजे दखनीत मावशी. खाला किराडपुऱ्याकडच्या, आईपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या. चार तास दोघी बोलत. आईची मराठी आणि खालांची दखनी, मध्ये मशीनची टिकटिक. एकीच्या देवाचा दुसरीला त्रास नव्हता. मी पुस्तक घेऊन त्यांच्यापासून जरा लांब बसायचे. त्या काय बोलत, याकडे माझं लक्ष नसायचं.

मार्गशीर्षातला रविवार

पहिल्या वर्षीच्या मार्गशीर्षात, एका रविवारी संध्याकाळी, मी सभेहून घरी आले. आई मोरीच्या उंबऱ्यापाशी भिंत धरून उभी होती.

"पाय उचलंना गं," ती म्हणाली. "पायात पायच नाय."

तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला नेलं. छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती बघून डॉक्टर एकदम घाईत आले. रक्त घेतलं. त्यांनी आईच्या तोंडाजवळ वाकून विचारलं, "आई, चार-पाच दिवसांत काय काय खाल्लंत?"

मी म्हणाले, "रोजचंच. भाकरी, दुधी, भात."

"मी त्यांना विचारतोय."

आई माझ्याकडे बघत होती, डॉक्टरांकडे नाही. तेवढ्या अवस्थेतही ती माझ्या चेहऱ्यावरून ठरवत होती की खरं सांगावं का.

बेडच्या पायथ्याशी बाबा उभे होते. ते म्हणाले, "रताळं खाल्लंय साहेब. शेंगदान्याचे लाडू. खजूर. पाच दिस झाले. उपास हाय तिला, खंडोबाचा."

डॉक्टर एका सिस्टरला काहीतरी म्हणाले आणि पडदा ओढला गेला. पोटॅशियम नावाची गोष्ट रक्तात वाढली की हृदय थांबू शकतं, आणि रताळं, शेंगदाणे, खजूर, राजगिरा या सगळ्यांत ती भरलेली असते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आमच्याकडे उपासाच्या ताटात जे जे येतं, त्यातलं बरंचसं किडनीच्या पेशंटला नको असतं. ते सगळं त्या रेघ मारलेल्या पानावर छापलेलं होतं.

आईला तातडीनं मशीनवर घेतलं. मी आणि बाबा बाहेर.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"तिनं सोडलेच नव्हते कधी. तू पत्रक वाटलंस, तवापासून चोरून करती."

"आणि तुम्ही? तुम्ही रताळी आणून देत होता? तुम्ही देव मानत नाही ना?"

"मी नाय मानत. ती मानती. रताळं आनायला काय तत्त्व लागतं व्हय?"

मी ओरडले. लोक बघायला लागले. मी म्हणाले, तुम्ही तिला मारायला निघाला होता. बाबांनी खिशातून घड्या पडून मऊ झालेला आहाराचा कागद काढला. तो माझ्यापुढं धरला.

"बग. केळं नको लिवलंय. म्हनून मी केळं बंद केलं. बटाटा नको, बटाटा बंद केला. रताळं कुठं लिवलंय? शेंगदाने कुठं लिवलेत? मी सगळा कागद तीनदा वाचला, मुक्ता."

ते खरं होतं. बाबा हयातभर कागद वाचणारे. या कागदावर जे नव्हतं, ते मी काढून टाकायला लावलं होतं.

"मला सांगायचं तरी."

"तू अजून एक पत्रक काढलं असतंस," बाबा म्हणाले, आणि खाली बसले.

सगळ्यांना माहीत होतं

आई वाचली. चंपाषष्ठीचा दिवस तिचा आयसीयूत गेला. नंतर ती पहिल्यांदा तिच्या नेहमीच्या बेडवर आली, तेव्हा खालांनी मला हात करून जवळ बोलावलं.

"तेरी अम्मा इतवार को उपास रखती, तेरेकू नई मालूम था?"

"नाही."

"हौ? हमकू तो सबकू मालूम था. उस सिस्टर को बी मालूम. तू डांटती बोलके तेरेकूच नई बोली." मग म्हणाल्या, "मैं तो मेरे रोजे का डॉक्टर से खुद पूछी. वो बोले नक्को रखो, मैं नई रखी. गरीब को खाना खिला दी. पूछने में क्या जाता?"

"खाला, आप डॉक्टर को बता देते."

"मैं कायकू बताऊं? बेटी तू है के मैं?"

त्या खोलीत आठ बेड होते. आठ मशीन, आठ बायका-पुरुष, त्यांची माणसं. आईच्या उपासाबद्दल त्या सगळ्यांत फक्त मलाच माहीत नव्हतं, आणि तिच्याबद्दल डॉक्टरांना सगळी माहिती मीच देत होते.

बाहेरचा बाक

पुढच्या आठवड्यात मी आईला आहारतज्ज्ञांच्या खोलीपर्यंत नेलं आणि म्हणाले, "तू जा. मी इथं बसते."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला खंडोबाचं कळतं. तेच विचारायचंय."

ती आत गेली. दार लोटलं होतं, लावलं नव्हतं. मी ऐकायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. मधूनच आईचं हसू ऐकू आलं. अर्ध्या तासानं ती बाहेर आली, हातात कागद, कपाळावर घाम.

"चांगली हाय गं पोरगी. म्हनली साबुदाना चालतो, शेंगदान्याबिगर. भगर वाईच. रताळ्याचं नाव काढायचं नाय. मशीनच्या दिवशी उपास नाय. मी म्हनलं, चंपाषष्ठी सोमवारी आली तर? तर म्हनली, तवा मला फोन करा." मग तिनं मला खालीवर बघितलं. "तू एवढी मऊ कशानं झालीस? तब्येत बरी हाय ना?"

ही यादी तिची आहे. तुमच्या पेशंटची वेगळी असेल, ती तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

त्यानंतर दर रविवारी आमच्या घरात उघडपणे भगर शिजली. मी सोबत बसायचे, माझ्या ताटात भाकरी आणि वांगं. एकदा मी तिला विचारलं, "बाबांचं आयुष्य वाढावं म्हणून करतेस ना हे?"

ती एवढी हसली की ठसका लागला.

"तुझ्या बापासाठी? त्याचं त्यानं बघावं! कोन म्हनलं तुला?"

"मग कशासाठी?"

"कशासाठी म्हंजी?" तिला प्रश्न कळला नाही. मग विचार करून म्हणाली, "रानात असताना रविवारी आबा काय खायचे नाय. मी बी नाय खायची. मेंढरं बसलेली असायची. आबा, मी आन् देव. कुनी काय बोलायचं नाय. रविवार आला की तसं बसल्यावानी वाटतं. मागायचं काय त्याच्यात?"

मी सोळाव्या वर्षी एक अख्खं पत्रक लिहिलं होतं, तिला न विचारता. त्यातला नवरा, त्यातलं आयुष्य, त्यातली ढेकर, सगळं माझं होतं.

मी देव मानायला लागले नाही. बाईच्या उपाशी पोटावर ज्यांची दुकानं चालतात, त्यांच्याविरुद्ध मी लिहीत होते आणि लिहीत राहीन. पण बाईच्या तोंडचं उत्तर काढून घेऊन तिच्या जागी आपण बोलायचं, हे तीच माणसं करतात. मी ते दवाखान्यात केलं, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांसमोर, पुरोगामीपणाचा टिळा लावून. ते जास्त वाईट होतं, कारण माझ्यावर तिचा विश्वास होता.

शेवटचे महिने

त्यानंतर आई जवळजवळ दीड वर्ष जगली. त्या रविवारानं तिच्या हृदयाचं किती बिघडवलं, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, त्यात पडू नका. मी अजून पडते.

शेवटच्या दोन महिन्यांत तिचं अंग मशीनला साथ देईना. मधेच बीपी खाली जायचं. ती फार थकली होती. सोमवारी सकाळी साडी नेसताना निऱ्या हातातून सुटायच्या आणि ती तशीच पलंगावर बसून राहायची. मी निऱ्या करून द्यायची. एकदा तिनं तसंच बसून म्हटलं, "लई दमवलं बाई तुला." मी म्हणाले, "हो." खोटं बोलायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ती म्हणाली, "मला बी तू कमी नाय दमवलं," आणि आम्ही दोघी हसलो.

वैशाखात तिला ताप आला आणि पुन्हा आयसीयूत न्यावं लागलं. आत घेताना एक नवीन सिस्टर मला म्हणाल्या, "कपाळाचं ते पिवळं पुसून घ्या ना ताई. चालेल ना पुसलेलं?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. भंडाऱ्याचं मला काय? पण मी आईकडे बघितलं. सिस्टरही मग तिच्याकडे बघायला लागल्या. आईला डोळे उघडायलाच बराच वेळ लागला.

"राहू दे," ती म्हणाली. "हळदच हाय. तुमची मशीन नाय बिघडत त्यानं."

सिस्टर हसल्या. भंडारा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पाच मिनिटं आत सोडलं. तिनं विचारलं, बाबा जेवले का. मी म्हणाले, जेवले. मग म्हणाली, "तू वर आलीस तर तिथं बी पत्रकं वाटशील."

"वर काही नसतं आई."

"आसू दे. आली तर म्हनते मी."

त्याच संध्याकाळी ती गेली. बाबांनी तिच्या माहेरच्या रीतीप्रमाणं सगळं केलं. कोणी त्यांना विचारलं, तुम्ही तर मानत नाही. बाबा म्हणाले, "मला कशाला इचारता? तिनं सांगून ठेवलंय कसं करायचं ते."

तिनं खरंच सांगून ठेवलं होतं. सगळं, एकेक करून, मला आणि बाबांना समोर बसवून. त्या दिवशी मी एका शब्दानं मध्ये बोलले नव्हते, आणि तिनं चांगला तासभर घेतला होता.

आता एवढंच करा. पुढच्या वेळी तुम्ही आईला घेऊन दवाखान्यात जाल, आणि डॉक्टर किंवा सिस्टर किंवा समोर कागद घेऊन बसलेली मुलगी तुमच्या आईकडे बघून काही विचारेल. काय खाता, काय सोडलंत, कुठं दुखतं, झोप लागते का. तुम्हाला उत्तर माहीत आहे असं वाटेल. आई हळू बोलेल, भलतीकडून सुरुवात करेल, मधेच तुमच्या तोंडाकडे बघेल. मागं रांग असेल आणि तुम्ही थकलेले असाल. तरी तोंड उघडू नका. तिची नजर तुमच्या चेहऱ्यावर अडतेय असं दिसलं, तर उठून बाहेर जाऊन बसा. तिचं बोलून होईपर्यंत आत येऊ नका.